चावी बरोबर, तरी कुलूप अडलेलं



आजचं चिंतन: श्रीमद्भगवद्गीता, अध्याय ६, श्लोक २५ आणि २६.

या दोन श्लोकांत भगवंत अर्जुनाला मन आवरायची रीत सांगतात. धैर्याने धरलेल्या बुद्धीच्या आधाराने मनाला हळूहळू शांत करावं, आत्म्याच्या ठिकाणी ठेवावं, आणि ते चंचल मन जिथे जिथे निसटेल तिथून तिथून त्याला परत आणावं. ‘हळूहळू’ या अर्थाचा शब्द मूळ श्लोकात लागोपाठ दोनदा आलाय. सातशे श्लोकांत सगळा वेदान्त बसवणारे व्यास एक शब्द दोनदा वापरतात, तेव्हा तिथे जरा थांबावं असं मला वाटतं.

अर्जुन काही दुबळा माणूस नाही. गांडीव उचलणारा वीर आहे. अशा माणसाला भगवंत ‘जोर लाव’ का म्हणत नाहीत? ‘हळू, अगदी हळू’ असं का सांगतात?

मी पडलो इंजिनिअर. मला यंत्रातलं उदाहरण दिसल्याशिवाय गोष्ट नीट उतरत नाही. तेव्हा आज गाडीच्या इग्निशन लॉकबद्दल बोलू.

गाडी चालवणाऱ्या पुष्कळांना हा अनुभव आला असेल. ऑफिसला निघायची घाई असते. गाडीत बसतो, चावी घालतो, आणि चावी फिरतच नाही. चावी तीच, गाडी तीच, काल रात्री याच चावीने बंद केलेली. मग आपण काय करतो? जोर लावतो. दोन्ही हातांनी पिळतो. कोणी पकड आणून चावी धरतो. शेवटी चावी वाकते, नाहीतर आतच तुटते, आणि मग टोइंगवाल्याची वाट बघत फुटपाथवर उभं राहावं लागतं.

आत काय झालेलं असतं ते बघा. चावी काढली की बहुतेक गाड्यांमध्ये स्प्रिंगच्या जोरावर एक खिट्टी बाहेर येते आणि स्टिअरिंगच्या दांड्यावरच्या खाचेत बसते. चोराने गाडी नेऊ नये म्हणून ही सोय. अमेरिकेत तर १९७० पासून नव्या मोटारींना नियमच झाला, की चावी काढल्यावर स्टिअरिंग फिरणं किंवा गाडीने स्वतःच्या जोरावर पुढे जाणं, यातलं निदान एक तरी बंद झालं पाहिजे. म्हणजे हे कुलूप आपल्या वाईटावर नाही. ते राखणीला बसवलंय.

आता गाडी लावताना चाक फुटपाथच्या कडेला दाबून राहिलं, किंवा उतरताना आपण स्टिअरिंगचा आधार घेऊन उठलो, की काय होतं? चाकाचा ताण स्टिअरिंगच्या दांड्यावर येतो. खाचेची कड त्या खिट्टीला एका बाजूने दाबून धरते. खिट्टीला मागे सरकायला वावच राहत नाही. मग चावी कितीही बरोबर असली तरी ती फिरणार कशी? दोष चावीत नाही, कुलपातही नाही. मध्ये ताण अडकलाय.

उपाय साधा आहे, आणि तो दोन हातांचा आहे. एका हाताने स्टिअरिंग डावीकडे-उजवीकडे हलकेच हलवायचं. एका बाजूला ते अजिबात हलत नाही, दुसऱ्या बाजूला किंचित जागा देतं. जिकडे जागा देतं तिकडे थोडं धरून ठेवायचं, म्हणजे खिट्टीवरचा दाब जातो. आणि त्याच वेळी दुसऱ्या हाताने चावी फिरवायची, पण हलक्या हाताने. ‘टक’ असा आवाज येतो आणि कुलूप सुटतं. स्कूटरवाल्यांना हे कोणी शिकवावं लागत नाही. हँडल लॉक काढताना हँडल जरा हलवायचं हे त्यांच्या हाताला ठाऊक असतं.

नुसतं स्टिअरिंग हलवून कुलूप सुटत नाही. नुसती चावी पिळूनही सुटत नाही. दोन्ही एका वेळी लागतं.

आता याच अध्यायात थोडं पुढे या. ३४ व्या श्लोकात अर्जुन म्हणतो, की हे मन आवरणं म्हणजे वारा मुठीत धरण्याइतकं अवघड आहे. आणि ३५ व्या श्लोकात भगवंत त्याला नाही म्हणत नाहीत. ‘खरंय, अवघड आहे’ असं आधी मान्य करतात आणि मग दोन साधनं सांगतात: अभ्यास आणि वैराग्य. मला हे आपल्या दोन हातांसारखं वाटतं. अभ्यास म्हणजे चावीवरचा हात. रोज नाम घेणं, रोज बसणं, पुन्हा पुन्हा फिरवून बघणं. वैराग्य म्हणजे स्टिअरिंगवरचा हात, मन ज्याला दाबून बसलंय तो ताण सैल करणं. आपलं बरेचदा काय होतं, आपण चावी बरोबर घेतो, माळ हातात घेतो, पण मनावर कशाचा दाब आहे तिकडे बघतच नाही. मग ‘माझं मन लागत नाही हो’ म्हणून जप आणखी जोरात करतो. आठ दिवसांत वैतागतो आणि सोडून देतो. भगवंतांनी २३ व्या श्लोकात आधीच सांगून ठेवलंय, की हा योग न कंटाळलेल्या, न खचलेल्या चित्ताने करायचा असतो.

हे सगळं मला पुस्तकापेक्षा माझ्या आत्याच्या घरी जास्त समजलं.

आत्या साताऱ्याला असते. दोन वर्षांपूर्वी काका गेले. चाळीस वर्षं रोज पहाटे देवपूजा करणारी बाई, तिने देवघराचं दारच लावून घेतलं. हरिपाठ बंद, दिवा बंद, बोलणंही जेवढ्यास तेवढं. घरचे सगळे धास्तावले. येणारा प्रत्येकजण सांगायचा, ‘आता सावरा’, ‘नातवंडांकडे बघा’, ‘देवाचं नाव घ्या, तोच बळ देईल’. यातलं एक वाक्य तरी खोटं आहे का? नाही. चावी बरोबरच होती. पण जितका आग्रह व्हायचा, तितकी आत्या आणखी घट्ट मिटायची.

शेजारी एक काकू राहतात. शाळेच्या पायरीपलीकडे फारशा गेलेल्या नाहीत. त्या रोज चारच्या सुमाराला यायच्या, मेथीची जुडी घेऊन बसायच्या. उपदेश नाही की काही नाही. दोघी भाजी निवडायच्या. असे बरेच दिवस गेले. एके दिवशी आत्या आपणहून बोलली. ‘ते गेले त्या रात्री मी दवाखान्यात नव्हते. मुलगा म्हणाला घरी जाऊन थोडी झोप, म्हणून आले. पहाटे फोन आला. चाळीस वर्षांत एक रात्र मी त्यांना सोडून झोपले.’

हा तो ताण. देवावर राग नव्हता, श्रद्धाही गेली नव्हती. ती एक रात्र मनाला एका बाजूने दाबून बसली होती.

काकू ‘असं मनाला लावून घेऊ नका’ म्हणाल्या नाहीत. त्यांनी हातातली भाजी खाली ठेवली आणि ऐकत राहिल्या. दुसऱ्या दिवशी आत्याने तेच पुन्हा सांगितलं, त्यांनी पुन्हा ऐकलं. पुढे कधीतरी काकूंनी विचारलं, ‘वहिनी, मला वाती वळायला शिकवता का? तुमच्यासारख्या जमत नाहीत.’ त्या वाती वळता वळता एक दिवस आत्याने देवघराचं दार उघडलं. आजही एखादी सकाळ अशी येते की दिवा लागत नाही. पण दार लावलेलं नसतं.

ज्ञानेश्वर माउली याच अध्यायावर निरूपण करताना मनाचा एक चांगला गुण सांगतात. ज्या ठिकाणी त्याला गोडी लागते तिथे ते आपोआप रमतं, म्हणून त्याला आत्मसुखाची गोडी दाखवत राहा, असं त्यांचं म्हणणं आहे. मनाला शत्रू समजून मुरगळू नका. चटका बसलेलं मन मिटतं, ते स्वतःच्या राखणीसाठी. त्या कुलपासारखंच.

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवी. प्रत्येक अडलेलं कुलूप ताणामुळेच अडतं असं नाही. कुलपाच्या आत लहान लहान पत्र्या असतात. चावीच्या खाचा त्या सगळ्यांना एका पातळीवर आणतात, तेव्हाच ते फिरतं. वर्षानुवर्षं वापरून चावी झिजते, पत्र्याही झिजतात. अशा वेळी घरात ठेवलेली दुसरी चावी लावून बघावी. ती फिरली तर पहिली चावी झिजलीय असं समजावं. तीही फिरली नाही, तर घरातलं तेल ओतत बसू नये. तेलाला धूळ चिकटते आणि काम आणखी बिघडतं. सरळ जाणकार मेकॅनिकला बोलवावं. मनाचंही तसंच आहे. झोप, जेवण, बोलणं आठवड्यांमागून आठवडे बिघडलेलं असेल, जगण्यातच अर्थ वाटत नसेल, तर त्या माणसाला ‘नामस्मरण कर’ एवढंच सांगून थांबू नका. त्याच्याबरोबर डॉक्टरांकडे जा. नाम त्याने सुटत नाही. जाणकाराकडे जाण्यात श्रद्धेचा कमीपणा नाही.

आजचा नेम साधा आहे. संध्याकाळी पाच मिनिटं देवासमोर बसा. माळ हातात घेण्याआधी एकदा स्वतःला विचारा, आज माझं मन कशाला दाबून बसलंय? जे उत्तर येईल ते देवाला सांगा, सजवू नका. मग नाम घ्या. मन निसटलं की परत आणा, रागावू नका. आणि घरात कोणी मिटून बसलेलं असेल, तर आज त्याला काही समजावू नका. शेजारी बसा, हातात काहीतरी काम घेऊन.

उद्या श्लोक २७, शांत झालेल्या मनाला काय मिळतं ते पाहू.

राम कृष्ण हरि.