वीस सेकंदांचं आकाश

कॅमेरा पिशवीतच राहू द्या. ट्रायपॉडही. आधी सतरंजी अंथरा आणि पाठ टेका. वैशाखातली अमावस्या आहे, भंडारदऱ्याच्या बाजूचं एखादं उघडं पठार आहे, रात्रीचे साडेअकरा वाजलेत असं धरून चालू. जेवणं झाली आहेत, मोबाइल बंद आहेत. दिवसभर तापलेल्या कातळाची ऊब अजून पाठीला लागते आहे. घाई कशाचीच नाही, कारण ज्याच्यासाठी इथवर आलो ते अजून पुरतं वर यायचं आहे.

पहिली वीस-पंचवीस मिनिटं डोळ्यांना द्या. अंधाराला सरावायला त्यांना तेवढा वेळ लागतोच, आणि मध्येच कुणी टॉर्च मारली की सगळा हिशेब पहिल्यापासून. (हल्ली गडांवर अमावस्येच्या रात्री ढगांपेक्षा टॉर्चचाच उपद्रव जास्त.) नुसतं बघत राहा. आधी मोजके ठळक तारे दिसतील. जवळजवळ माथ्यावर नारिंगी स्वाती. आपल्या अक्षांशावर हा तारा खरोखरच डोक्यावरून जातो. मग हळूहळू ताऱ्यांमधल्या जागा भरू लागतील.

आता आग्नेयेकडे वळा. लालसर ज्येष्ठा ओळखू येईल, तिच्याखाली वृश्चिकाचं वळत गेलेलं शेपूट आणि टोकाला मूळ. शेपटाच्या डाव्या अंगाला, धनु राशीच्या बाजूने, एक फिकट पट्टा वर चढतो आहे. ती आकाशगंगा. पट्ट्यात मधूनमधून काळी भगदाडं दिसतील. तिथे तारे नाहीत असं वाटतं, पण ती धूळ आहे, मागच्या ताऱ्यांना झाकणारी. आकाशगंगेचं केंद्र याच दिशेला, सुमारे २६,००० प्रकाशवर्षांवर आहे, आणि याच धुळीमुळे ते डोळ्यांना कधीच दिसत नाही. त्या काळ्या जागांकडे जरा जास्त वेळ बघा. सहसा त्यांच्याकडे कुणी बघत नाही.

डोळा प्रकाश साठवत नाही. सेकंदाच्या साधारण दहाव्या हिश्शात जे आलं ते मेंदूकडे पाठवायचं आणि पुन्हा कोरं व्हायचं, हा त्याचा धर्म. म्हणून तासभर टक लावली तरी आकाशगंगा फिकटच राहते. मंद उजेडात त्याला रंगही कळत नाहीत. कॅमेऱ्याच्या सेन्सरचं उलट आहे. प्रकाशाचा कण पडतो, एक इलेक्ट्रॉन सुटतो, तो तिथेच थांबतो. पुढचा येतो, तोही थांबतो. शटर मिटेपर्यंत साठत राहतं.

आता उठा, कॅमेरा काढा. २४ मिलिमीटरची लेन्स, छिद्र एफ २.८ वर, आयएसओ ३२००, फाइल रॉ. ऑटोफोकस बंद करा. अंधारात तो नुसता चाचपडत राहतो. लेन्सवरच्या अनंताच्या खुणेवरही विसंबू नका. मागच्या पडद्यावर ज्येष्ठा आणा, दहापट मोठी करा आणि फोकसची रिंग अगदी सावकाश फिरवा. आधी एक फुगलेला ठिपका दिसेल. तो आकसत जाईल, बारीक होईल, आणखी फिरवलंत की पुन्हा फुगेल. आता केसभर मागे या. ठिपका सर्वांत बारीक होतो तिथे हात काढा आणि रिंगवर चिकटपट्टी लावा. या कामात बोटांना जी मंद गती सापडते, ती पुढे रात्रभर टिकवायची आहे.

वेळ किती ठेवायचा? फोटोग्राफरांचा जुना आडाखा आहे: ५०० ला लेन्सच्या मिलिमीटरने भागा. इथे वीस सेकंद येतात. त्याहून जास्त ठेवलं की ताऱ्यांच्या रेघा व्हायला लागतात. आयएसओ वाढवून वेळ वाचवता येत नाही. त्याने प्रकाश एका कणानेही वाढत नाही. रेडिओचा आवाज चढवावा तसं गाण्याबरोबर खरखरही चढते.

शटर दाबा. हात मागे घ्या.

या पहिल्या वीस सेकंदांत पायाखालच्या जमिनीकडे लक्ष द्या. रेघा होतात त्या तारे पळतात म्हणून नव्हे. या अक्षांशावर पृथ्वीचा पृष्ठभाग सेकंदाला सुमारे ४४० मीटर वेगाने पूर्वेकडे चालला आहे. म्हणजे शटर उघडून मिटेपर्यंत तुम्ही, ट्रायपॉड, धरण आणि पलीकडचं कळसूबाई मिळून जवळजवळ नऊ किलोमीटर पुढे गेलात. एवढ्या प्रवासात आकाश दिसायला सरकलं ते चंद्रबिंबाच्या रुंदीच्या सहाव्या हिश्शाएवढं. श्वास सोडा. कसलाही धक्का लागला नाही.

पुन्हा दाबा. या खेपेला येणाऱ्या उजेडाच्या वयाचा विचार करा. माथ्यावरच्या स्वातीचा उजेड ३७ वर्षांपूर्वी निघाला. तेव्हा तुम्ही कुठे होतात ते आठवा, जन्मला नसाल तर आई-वडील कुठे होते ते. ज्येष्ठेचा साडेपाचशे वर्षांच्या आसपासचा, म्हणजे शिवजन्माच्याही आधीचा. पट्ट्यातल्या धूसर उजेडाचं वय हजारो वर्षांत मोजावं लागतं. हे सगळे एकाच वीस सेकंदांत, एकाच काचेतून आत येत आहेत. कोण आधी निघालं याची सेन्सरला पर्वा नाही.

तिसऱ्या खेपेला शटर मिटेल, तरी कॅमेरा लगेच मोकळा होणार नाही. लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन चालू असेल तर तो आणखी वीस सेकंद बंद शटरआड अंधाराचाच फोटो घेतो. बाहेरून काहीच येत नसताना आपल्या आतली खरखर किती, ते मोजतो आणि आधीच्या चित्रातून वजा करतो. बरेच जण वेळ जातो म्हणून ही सोय बंद ठेवतात, आणि ढीगभर फोटो काढायचे असतील तर ते बरोबरही आहे. आज मात्र चालू ठेवा. त्या वीस सेकंदांत डोळे मिटून बसा. मनात जी बडबड चालू असेल ती नुसती ऐका.

मग हवं तर चित्र बघा, पडद्याचा उजेड अगदी कमी करून. गुलाबी तेजोमेघ, पिवळट तारकामेघ, काळी धूळ, खाली दक्षिणेला पुण्याच्या दिव्यांची केशरी झळ. यातलं बरंचसं तुम्हाला दिसलं नव्हतं. म्हणून हे फोटो खोटे, असं म्हणणारे पुष्कळ भेटतात. मला ते पटत नाही. रंग भडक केले तर गोष्ट वेगळी. एरवी कॅमेऱ्याने इतकंच केलं की आलेलं काही परत पाठवलं नाही. खोटेपणा असलाच तर तो फोटो काढून झाल्याबरोबर गाडीत जाऊन बसण्यात आहे.

महाराष्ट्रातच पेंच व्याघ्र प्रकल्पाला २०२४ मध्ये भारतातलं पहिलं डार्क स्काय पार्क म्हणून मान्यता मिळाली. विदर्भातल्यांनी तिकडे जावं. सह्याद्रीतल्यांनी मात्र जून उजाडायची वाट बघू नये. मृगाच्या सरी लागल्या की आकाश बंद होतं, ते दसरा-दिवाळीच्या सुमारास उघडतं, आणि तोवर वृश्चिक सूर्यास्तापाठोपाठ मावळू लागलेला असतो. जायचं तर वैशाखातच जा. टॉर्च लालच न्या.