पडण्याची नोंद

वर सोडलेल्या वस्तूवर आपली जबाबदारी कुठवर राहते? पहिला स्पुटनिक ४ ऑक्टोबर १९५७ रोजी आकाशात गेला आणि ४ जानेवारी १९५८ रोजी जळून गेला. त्याला वर नेणारे रॉकेट त्याआधीच, १ डिसेंबरला खाली आले होते. या नोंदी ठेवायला शास्त्रज्ञांच्या जोडीला साधी माणसेही होती. अमेरिकेत ‘मूनवॉच’चे हौशी निरीक्षक पहाटे नि संध्याकाळी लहान दुर्बिणी लावून बसत. ब्रिटनमध्ये डेस्मंड किंग-हेली कक्षा कशी आकसत जाते ते मोजून, त्या उंचीवर हवा किती विरळ असेल याचा हिशेब मांडत. सूर्य खवळला की वरची हवा फुगते आणि उपग्रह लवकर खाली येतो.

कायद्यानेही पुढे या पडण्याची दखल घेतली. १९७२च्या करारानुसार जमिनीवर नुकसान झाले, तर ज्याने सोडले त्याने भरून द्यायचे. १९७८मध्ये अणुभट्टी असलेला रशियाचा कॉसमॉस ९५४ कॅनडात कोसळला, तेव्हा १९८१मध्ये ३० लाख कॅनेडियन डॉलरवर तडजोड झाली. मागणी ६० लाखांहून अधिक होती, पण निदान जाब विचारणारे कोणी होते.

लायकाच्या वतीने कोण विचारणार? ३ नोव्हेंबर १९५७ रोजी दुसऱ्या स्पुटनिकमधून या कुत्रीला पाठवले, तेव्हा परत आणण्याची सोयच केलेली नव्हती. १४ एप्रिल १९५८ला ते यान जळत उतरले. तीही तारीख पक्की नोंदली गेली. तिच्या मृत्यूची वेळ मात्र जगाला २००२ साली कळली. ती काही दिवस जगली, असे तोवर सांगितले जाई. प्रत्यक्षात उष्णतेने आणि ताणाने ती काही तासांतच मेली होती.

एका कुत्रीसाठी एवढा खल कशाला, असे कोणी म्हणेल. तिच्यामुळे पुढे माणसे सुखरूप गेली, हा युक्तिवाद मी क्षणभर मान्यही करतो. तरी खोटे बोलण्याची गरज कोणत्या प्रयोगाला होती? ज्याचा जीव आपल्या कामासाठी घेतला, त्याच्या शेवटाची खरी हकीकत सांगणे एवढे तरी देणे लागतेच. ते चुकवायला पंचेचाळीस वर्षे लागली. मोहिमेतले एक शास्त्रज्ञ ओलेग गाझेन्को यांनी १९९८मध्ये, उतारवयात, जाहीरपणे खेद व्यक्त केला: त्या प्रयोगातून जे शिकायला मिळाले, ते तिच्या मरणाचे समर्थन करण्याइतके नव्हते.