अंजूरच्या गाळ्यातला तिसरा नियम

धोटे आपले आपण विणू लागले तर मालकाला गुलामांची गरज उरणार नाही, असे ॲरिस्टॉटलने इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात लिहून ठेवले आहे. त्याला उदाहरण म्हणून मागच सुचावा, हा भिवंडीचा मान समजायला हरकत नाही. पण त्याला भिवंडी दाखवायला हवी होती. इथे धोटे विजेवर पळू लागल्याला कित्येक दशके लोटली, तरी कारखान्यांतून बारा-बारा तासांच्या पाळीत माणसे उभीच आहेत. एकेक कारागीर सहा-आठ माग सांभाळतो आणि मजुरी मीटरवर घेतो. बाण्याचा धागा तुटला की माग आपोआप थांबतो. तशी सोयच त्यात केलेली असते. कारागिराच्या अंगात अशी सोय नाही. माग थांबला की उलट त्याने धावायचे, कारण थांबलेला माग मीटर पाडत नाही.

यंत्रमानवांच्या जुन्या, गाजलेल्या कथा मला हा खडखडाट विसरून वाचता येत नाहीत. या कथा म्हणजे यंत्रांच्या बंडाच्या गोष्टी, असा सर्वसाधारण समज आहे. त्यातल्या दुय्यम कथा तशा आहेतही. उत्तम कथांचा विषय मात्र आज्ञापालन हा आहे. हुकूम कोण सोडतो, तो कुणाच्या जिवावर पाळला जातो आणि पाळणाऱ्याने स्वतःला किती जपायचे?

कारेल चापेकच्या ‘आर. यू. आर.’ या नाटकाचा प्रयोग १९२१ मध्ये प्रागला झाला आणि ‘रोबो’ हा शब्द जगभर गेला. त्यातले रोबो लोखंडाचे नाहीत. कारखान्यात बनवलेले, रक्तामांसासारखे दिसणारे मजूर आहेत. बंड करून ते माणसांचा फडशा पाडतात आणि एकट्या आल्क्विस्टला जिवंत ठेवतात. का, तर तो त्यांच्यासारखाच हाताने काम करतो. नाटकाविषयी पुष्कळ बोलले जाते, पण हा तपशील सहसा कुणी काढत नाही.

मग आला आयझॅक ॲसिमॉव्ह. ब्रुकलिनमधल्या वडिलांच्या गोळ्या-चॉकलेटांच्या दुकानात राबत वाढलेला हा मुलगा बावीस वर्षांचा असताना, मार्च १९४२ मध्ये, त्याची ‘रनअराउंड’ ही कथा ‘अस्टाउंडिंग’ मासिकात आली आणि तीन नियम तिथे प्रथम स्पष्ट मांडले गेले. रोबोने माणसाला इजा करायची नाही आणि होऊ द्यायची नाही. त्या मर्यादेत माणसाचे हुकूम पाळायचे. आणि हे दोन्ही सांभाळून स्वतःला जपायचे. नियम शब्दांत बसवण्याचे श्रेय ॲसिमॉव्ह संपादक जॉन कॅम्पबेलला देई आणि कॅम्पबेल ॲसिमॉव्हला.

या कथेत स्पीडी नावाच्या रोबोला बुध ग्रहावर सेलेनियम आणायला धाडलेले असते. हुकूम सहज, फारसा जोर न देता दिलेला. सेलेनियमच्या साठ्याजवळ धोका आहे. स्पीडी फार महागडा, म्हणून त्याचा तिसरा नियम कंपनीने मुद्दाम तिखट केलेला. पुढे जावे तर जीव जातो, मागे फिरावे तर हुकूम मोडतो. बिचारा साठ्याभोवती घिरट्या घालत, नशेत असल्यासारखी गाणी म्हणत राहतो. शेवटी एका माणसाने स्वतःचा जीव धोक्यात घातल्यावर पहिला नियम जागा होतो आणि कोडे सुटते.

माझ्या दृष्टीने कथेचे मर्म त्या ‘महागडा’ या एका तपशिलात आहे. स्पीडीला स्वतःला जपायची मुभा मिळाली ती त्याच्या किमतीमुळे.

आता अंजूर. गंगाजी नाईकांचे हे गाव; १७३९ मध्ये वसई सर झाली त्या मोहिमेच्या इतिहासात त्यांचे नाव आदराने घेतले जाते. पण आज देशाला हा परिसर ठाऊक आहे तो पार्सल कुठवर आले याच्या नोंदीत उमटणाऱ्या ‘भिवंडी’ या नावाने. मुंबईची जकात चुकवायची, तर माल हद्दीबाहेर उतरवून ठेवायचा. शिवाय जमीन स्वस्त आणि मुंबई-नाशिक महामार्ग शेजारी. त्यामुळे राहनाळ, पूर्णा, काल्हेर, माणकोली या पट्ट्यातल्या भातखाचरांवर गाळ्यांच्या रांगा उठल्या. २०१७ मध्ये जीएसटी आला, जकात गेली, गाळे वाढतच राहिले. काही ठिकाणी आता पट्टे आपोआप पार्सले निवडतात. कंटेनर मात्र अजूनही बहुतेक ठिकाणी माणसेच रिकामे करतात. असे का, याचे उत्तर स्पीडीच्या कथेत उलटे लिहिलेले आहे. माणूस स्वस्त पडतो. ठेकेदाराकडून तो रोज नवा मिळतो, बिघडला तर दुरुस्तीचा खर्च मालकाच्या अंगावर येत नाही. त्याचा तिसरा नियम तिखट करण्यात कुणाचेच भांडवल गुंतलेले नाही.

तो नियम माणसांना आयता मिळाला नाही, भांडून मिळवावा लागला. महाराष्ट्राने १९६९ मध्ये माथाडी, हमाल आणि इतर श्रमजीवी कामगारांसाठी कायदा केला. त्यामागे अण्णासाहेब पाटलांनी बांधलेली संघटना होती. डोक्यावर-पाठीवर ओझे वाहणाऱ्याची मंडळात नोंद, मजुरी मंडळामार्फत, भविष्य निर्वाह निधी, भरपाई. गोणी पन्नास किलोंहून जड नको, अशी माथाडींची मागणी तर पुढे वर्षानुवर्षे चालत आली. ॲसिमॉव्हचे नियम पोझिट्रॉनच्या मेंदूत कोरलेले, मोडताच न येणारे. आपले मोडता येतात. म्हणून गाळ्याच्या दारात युनियनचा माणूस उभा लागतो. त्या माणसाच्या नावाने खडे फोडणारे व्यापारी मी भरपूर ऐकले आहेत, आणि त्यांच्या सगळ्याच तक्रारी खोट्या असतात असेही नाही. तरी मी त्या माणसाच्या बाजूने आहे.

आणि कोरलेले नियमही कापता येतात, हे ॲसिमॉव्हला पक्के ठाऊक होते. १९४७ च्या ‘लिटल लॉस्ट रोबॉट’मध्ये रोबो माणसांना किरणोत्सारापासून सारखे ओढून बाजूला काढतात, कामाचा खोळंबा होतो, म्हणून काही रोबोंचा पहिला नियम गुपचूप अर्धा केला जातो. उत्पादनासाठी सुरक्षेचा नियम सैल करायचा आणि ते कुणाला कळू द्यायचे नाही, ही युक्ती ओळखायला अंतराळात जायची गरज नाही.

फिलिप के. डिकची ‘ऑटोफॅक’ (१९५५) भिवंडीत वाचण्यासारखी आहे. युद्धानंतर स्वयंचलित कारखाने माल बनवत आणि घरपोच करत राहतात, लोकांना नको असला तरी. यंत्राला थांबवायचे कसे? दुधात काय दोष आहे ते कळवा, असे विचारल्यावर लोक एक निरर्थक शब्द लिहून देतात. यंत्राला तो कळत नाही, तेव्हा कुठे ते बोलायला तयार होते. परत पाठवायच्या वस्तूचे कारण ठरावीक पाच पर्यायांतून ज्याने निवडले आहे, त्याला डिकचा विनोद समजावून सांगावा लागणार नाही.

मराठीत हा धागा जयंत नारळीकरांनी ‘वामन परत न आला’ या कादंबरीत गंभीरपणे हाताळला. त्याआधी १९७४ मध्ये त्यांनी मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला ‘नारायण विनायक जगताप’ या टोपणनावाने कथा पाठवली होती, हा किस्सा सर्वश्रुत आहे. त्यांचा वामन हा यंत्रमानव मदतनीस म्हणून येतो आणि संस्कृतीचाच प्रश्न होऊन बसतो. शिस्तीची, नेटकी कादंबरी. पण मी वाचलेल्या मराठी विज्ञानकथांतला यंत्रमानव बहुधा प्रयोगशाळेत नाही तर शहरी दिवाणखान्यात भेटतो. शास्त्रज्ञ, पोलीस अधिकारी आणि पत्रकार त्याला घेरून असतात, हमाल कुठेच नसतो. यंत्र आपल्या डोक्यावर बसेल ही धास्ती ज्यांच्या डोक्यावर काही नव्हते त्यांनी लिहिली, असे मला कधीकधी वाटते. हे थोडे अन्यायाचे आहे, पण अगदीच खोटे नाही.

गाळ्यातल्या मुलाच्या हाती आता स्कॅनर असतो. कोणत्या रांगेत जा, कोणता नग उचल, किती सेकंद उशीर झाला, हे सारे तो स्कॅनर सांगतो. डोक्यावर ओझे नाही. तेव्हा १९६९ चा कायदा लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे हा मुलगा नव्हता. रोबो बिघडला तर ॲसिमॉव्हची कंपनी डॉ. सुझन कॅल्विनला, रोबोंच्या मानसतज्ज्ञ बाईंना, अंतराळातल्या तळावरसुद्धा धाडते. ‘लिटल लॉस्ट रोबॉट’मध्ये तर त्या रागावलेल्या माणसाला रोबोशी बोललेले शब्द, शिव्यांसकट, जसेच्या तसे पुन्हा म्हणायला लावतात. आमच्या एखाद्या लेखकाने या बाईंना राहनाळच्या गाळ्यात आणावे. मुलगा मंदावला आहे, सुपरवायझर म्हणतो बदली माणूस उद्या येईल. बाईंनी मुलाला तपासण्याआधी विचारावे: तासाला इतके नग, हा हुकूम कुणी दिला, आणि नेमक्या कोणत्या शब्दांत?