गेलं ते माणूस कोण होतं?

वाचनालयातून आणलेल्या रहस्यकथेत कुणीतरी आधीच पेन्सिलीने खुन्याचं नाव लिहून ठेवलेलं असतं. हा अनुभव या पुस्तकांच्या वाचकाला एकदा तरी येतोच. मला तो आला अगाथा ख्रिस्ती यांची ‘मिसेस मॅकगिंटीज डेड’ ही 1952 सालची कादंबरी वाचताना. साठ-सत्तर पानं वाचून झाली होती, संशयितांची यादी मनात तयार होत होती, आणि एका पानावर एका नावाखाली रेघ ओढून समासात कुणी लिहिलं होतं : खुनी.

फार राग आला. पुस्तक मिटून बाजूला ठेवलं. परत करायची तारीख जवळ आली तेव्हा पुन्हा उघडलं आणि पहिल्या पानापासून वाचायला घेतलं. आता ‘कोणी केलं’ हा प्रश्न संपला होता. घाई संपली होती. आणि तेव्हा पहिल्यांदा मला त्या कादंबरीतली मेलेली बाई दिसली.

मिसेस मॅकगिंटी ही ब्रॉडहिनी नावाच्या इंग्लिश खेड्यातली विधवा. चार घरी जाऊन फरशा पुसायची, झाडलोट करायची. घरी एक भाडेकरू ठेवलेला. कुणीतरी तिच्या डोक्यात मागून घाव घालून तिला मारतं, तिचे तीस पौंड नाहीसे होतात. भाडेकरू तरुणाला फाशीची शिक्षा होते. ज्या पोलीस अधिकाऱ्याने त्याच्याविरुद्ध पुरावा उभा केला, त्यालाच मात्र चैन पडत नाही. आपल्या हातून निरपराध माणूस फासावर जाणार, असं त्याला वाटत राहतं आणि तो ख्रिस्तींचा गुप्तहेर पॉयरो याच्याकडे येतो. पॉयरो गावात जाऊन ती जिथे काम करायची त्या घरांची दारं ठोठावतो. लोक तिच्याबद्दल काय सांगतात? काम कसं करायची ते. ती माणूस म्हणून कशी होती, हे सांगायला कुणापाशी फारसं काही नसतं.

मग गावातल्या दुकानात त्याला एक गोष्ट कळते. मरण्याच्या थोडे दिवस आधी मिसेस मॅकगिंटीने शाईची बाटली विकत घेतली होती. पत्र लिहिणं हा तिचा रोजचा व्यवहार नव्हता. पहिल्या वाचनात ती बाटली मला फक्त धागा वाटली होती, रहस्याच्या गाठीचं एक टोक. दुसऱ्या वाचनात मी त्या वाक्यापाशी थांबले. आयुष्यभर दुसऱ्यांच्या फरशा पुसणाऱ्या बाईला एके दिवशी कुणाला तरी काहीतरी कळवावंसं वाटलं, म्हणून ती दुकानात गेली आणि पदरचे पैसे मोडून शाई घेऊन आली. एवढं एकच कृत्य तिचं स्वतःचं होतं, आणि मी ते पुरावा म्हणून नोंदवून पुढे गेले होते.

त्या दिवसापासून मी गुन्हेगारी कादंबऱ्या वेगळ्या तऱ्हेने वाचते. पुस्तक संपलं की स्वतःला एकच विचारते : गेलं ते माणूस कोण होतं?

रहस्यकथा वाचणं कमी प्रतीचं आहे असं मी मानत नाही. बाबूराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. अभ्यासाच्या पुस्तकात झुंजार आणि काळापहाड लपवून वाचलेली मुलं आता आजोबा झाली आहेत. पुढे गुरुनाथ नाईकांचे गोलंदाज आणि शिलेदार आले, सुहास शिरवळकरांचा दारा बुलंद आला, भालबा केळकरांनी शेरलॉक होम्सला मराठी बोलायला लावलं. वाचायची सवय ज्यांना दुसऱ्या कुणी लावली नसती, अशा असंख्य माणसांना ती या पुस्तकांनी लावली. त्यांचं ऋण मोठं आहे.

आणि या प्रकाराच्या मुळाशी एक उदात्त गोष्ट आहे. एक माणूस मरतो आणि सगळं थांबतं. नोकरापासून मालकापर्यंत प्रत्येकाला उत्तर द्यावं लागतं : तू तेव्हा कुठे होतास? प्रत्यक्ष जगात गरीब माणसाचा मृत्यू दोन ओळींच्या बातमीत संपतो. कादंबरीत त्याच्यासाठी कुणीतरी तीनशे पानं झिजतं. शरदिंदु बंद्योपाध्यायांचा ब्योमकेश बक्षी स्वतःला डिटेक्टिव्ह म्हणवून घेत नाही, तो स्वतःला सत्यान्वेषी म्हणतो, सत्याचा शोध घेणारा. मेलेल्या माणसाचं आपल्याकडे आणखी एक देणं बाकी असतं, ते म्हणजे त्याचं काय झालं याचं खरं उत्तर. चांगली रहस्यकथा ते देणं चुकतं करते, म्हणून मला ती प्रिय आहे.

पण याच प्रकाराला एक खोड आहे. मृतदेह लवकर हवा असतो. पहिल्या दहा पानांत तो मिळाला नाही तर वाचक कंटाळतो, असं लेखकांना वाटतं. त्यामुळे मरणाऱ्याला माणूस व्हायला वेळच मिळत नाही. तो एखादा जुलमी जमीनदार असतो, पैसेवाला म्हातारा असतो, नाहीतर एखादी देखणी बाई असते. गेला म्हणून कुणाला वाईट वाटू नये, अशीच त्याची रचना असते. कोडं सोडवायला बसलेल्या वाचकाला तेवढं पुरतं, आणि निव्वळ कोडं म्हणून लिहिलेल्या गोष्टीवर मी त्यासाठी रागावणार नाही. बुद्धिबळातलं प्यादं मेलं म्हणून कुणी रडत नाही.

माझी तक्रार आहे ती कोड्याच्याही पुढे गेलेल्या पुस्तकांबद्दल आणि मालिकांबद्दल. तिथे कथा खुन्याच्याच डोक्यातून सांगितली जाते. त्याचं बालपण, त्याची हुशारी, त्याचा एकटेपणा आपल्याला कळतो. त्याच्या हातून मेलेल्या बायकांचे आपल्याला फक्त आकडे कळतात : पहिली, दुसरी, तिसरी. त्या कशा मेल्या याचं वर्णन पानंच्या पानं चालतं. त्या कशा जगल्या याला एक परिच्छेदही मिळत नाही. पडद्यावर खुन्याचं काम देखण्या नटाकडे जातं आणि बळी पडलेलीचं काम चार मिनिटांत संपतं. वाईट माणसाचं मन समजून घेणं हा साहित्याचा हक्कच आहे, तो कुणी काढून घेऊ नये. पण समजून घ्यायला एकच माणूस निवडायचा आणि तोही नेमका मारणारा, हा न्याय नव्हे.

दोन्ही साधतं हे जॉर्ज सिमेनॉन यांनी दाखवलं. त्यांच्या मेग्रे या पोलीस अधिकाऱ्याची 1954 सालची एक कादंबरी आहे. पॅरिसच्या एका चौकात रात्री एका तरुण मुलीचं प्रेत सापडतं, अंगावर भाड्याने आणलेला उंची पोशाख. लोन्यों नावाचा दुसरा एक पोलीस अधिकारी रात्रंदिवस राबून प्रत्येक धागा धरून जातो, नियमाप्रमाणे सगळं करतो. मेग्रे मात्र त्या मुलीलाच ओळखू पाहतो : ती कुठल्या घरात वाढली, आई कशी होती, कुणाकडे राहिली, पैसे नसताना कुणाच्या आधाराने दिवस काढले. शेवटी एक माणूस त्या रात्रीची हकीकत सांगतो, आणि ती खोटी आहे हे मेग्रेला चटकन कळतं, कारण त्याने ओळखलेली मुलगी तशी वागलीच नसती. मेलेल्या मुलीचा स्वभावच इथे साक्षीदार होतो. रहस्य आणि माणुसकी यांचं वैर नाही, हे सांगायला मला ही एक कादंबरी पुरेशी वाटते.

कादंबरीत चूक झाली तर नुकसान कागदावरच राहतं. खऱ्या गुन्ह्याच्या गोष्टी आपण त्याच चवीने ऐकू लागतो तेव्हा काय होतं, हे पुण्याच्या माणसाने तरी विसरू नये. 1976 आणि 1977 या काळात पुण्यात चार तरुणांनी दहा जणांचे जीव घेतले. जोशी-अभ्यंकर खून खटला या नावाने तो आजही ओळखला जातो. 1983 साली चौघांना येरवड्यात फाशी झाली. त्या काळी पुणेकर दिवेलागणीलाच दारं लावून घ्यायचे, अशा आठवणी घरोघरी आहेत. त्या आठवणी सांगताना जुन्या माणसांच्या तोंडी चारही गुन्हेगारांची नावं सहज येतात. कोण कुठला, कोण माफीचा साक्षीदार झाला, सगळं पाठ असतं.

मग मी विचारते, अभ्यंकर कोण होते? बहुतेक जण थांबतात.

काशिनाथशास्त्री अभ्यंकर हे संस्कृत व्याकरणाचे थोर पंडित होते. पाणिनीय परंपरेतले हजारो पारिभाषिक शब्द अर्थासह एकत्र आणणारा त्यांचा इंग्रजी कोश 1961 मध्ये बडोद्याहून प्रसिद्ध झाला. वडील वासुदेवशास्त्री यांनी केलेलं पतंजलीच्या महाभाष्याचं मराठी भाषांतर प्रसिद्ध व्हावं म्हणून त्यांनी परिश्रम घेतले. पंच्याऐंशी ओलांडलेला हा विद्वान एका रात्री भांडारकर रस्त्यावरच्या आपल्या घरात मारला गेला. एवढी विद्वत्ता असलेल्या माणसाची आपल्या बोलण्यात उरलेली ओळख काय, तर एका खटल्याच्या नावातलं दुसरं आडनाव.

त्या रात्री त्या घरात पाच जण मारले गेले. त्यांत घरी काम करणाऱ्या बाईही होत्या. खटल्याच्या नावात त्यांचं आडनाव नाही. दहापैकी आणखीही दोन कुटुंबांतली माणसं गेली, त्यांचीही आडनावं नाहीत. त्या बाईंचं नाव मी जुन्या वृत्तांतांत वाचलं आणि वहीत लिहून ठेवलं. इथे छापत नाही, कारण त्यांच्या घरच्या कुणी मला ते छापायला सांगितलेलं नाही. पण ब्रॉडहिनीच्या मिसेस मॅकगिंटीची मला पुन्हा आठवण झाली. चार घरच्या कामाला जाणारी बाई कथेत मेली काय आणि खरोखर मेली काय, तिला ओळखायची तसदी आपण सारख्याच प्रमाणात टाळतो.

हे आपल्याकडेच घडतं असं नाही. लंडनच्या व्हाइटचॅपल भागात 1888 साली पाच स्त्रियांचे खून झाले. मारणारा सापडला नाही, तरी त्याला मिळालेलं टोपणनाव जगभर झालं, त्याच्यावर ग्रंथालयं भरतील इतकी पुस्तकं निघाली. हॅली रुबेनहोल्ड या इतिहासकार स्त्रीने 2019 मध्ये ‘द फाइव्ह’ हे पुस्तक लिहिलं, ते त्या पाच जणींवर : मेरी ॲन निकल्स, ॲनी चॅपमन, एलिझाबेथ स्ट्राइड, कॅथरिन एडोज आणि मेरी जेन केली. एकीचा नवरा छापखान्यात होता, एकीचा घोडागाडीवर. एक स्वीडनमधून आलेली. दारिद्र्य, दारू, मोडलेले संसार आणि डोक्यावर छप्पर नसणं यांतून त्या त्या रस्त्यांपर्यंत कशा पोचल्या, हे लेखिकेने कागदपत्रांतून शोधून मांडलं. पाचही जणी वेश्या होत्या हा सव्वाशे वर्षं चालत आलेला समज होता. त्यांपैकी तिघींबद्दल तसा पुरावाच नाही, हे तिने दाखवून दिलं. खून कसे झाले याचं वर्णन तिने जाणूनबुजून केलं नाही. तरी ते पुस्तक हातातून सुटत नाही. थरार खुन्याशिवाय राहू शकतो, याचा याहून चांगला दाखला माझ्यापाशी नाही.

आपण वाचक आहोत, आपल्या हाती फारसं काही नाही, असं म्हणून सुटका करून घेता येईल. पण लेखक आणि निर्माते आपल्याच आवडीकडे बघून ठरवत असतात. खुन्याचं नाव सांगणारा मथळा आपण उघडतो, म्हणून तो पुन्हा लिहिला जातो. मोबाईलवर खऱ्या खुनाची मालिका बघताना त्या घरातलं कुणी अजून हयात असेल, त्यांनी यासाठी होकार दिला असेल का, हा विचार मनात आला तरी बोट थोडं थांबतं. तेवढं थांबणंसुद्धा मला मोलाचं वाटतं.

माझी स्वतःची सवय सांगते. रहस्यकथा वाचताना पूर्वी मी वहीत संशयितांची नावं लिहायचे, शेवटी आपला अंदाज बरोबर आला की खूश व्हायचे. आताही लिहिते, तो आनंद मी सोडलेला नाही. पण त्याच पानावर वरच्या बाजूला मरण पावलेल्या माणसाचं नाव लिहिते आणि पुस्तकात त्याच्याबद्दल जे कळेल ते खाली जोडत जाते : काय करायचा, कुणाची वाट बघत होता, दुकानातून काय आणलं होतं. काही पुस्तकांत ते पान भरतं. काही पुस्तकांत नावाखाली काहीच येत नाही. अशा लेखकाचं दुसरं पुस्तक मी घेत नाही.

तुम्हीही करून बघा. या आठवड्यात हातात जी गुन्ह्याची गोष्ट असेल, पुस्तक असो, मालिका असो की वर्तमानपत्रातली बातमी, ती संपल्यावर खुन्याचं नाव क्षणभर बाजूला ठेवा आणि गेलेल्या माणसाबद्दल पाच वाक्यं लिहून बघा. पाच झाली नाहीत, तर ते माणूस आपल्याला कुणी दाखवलंच नाही, किंवा आपण पाहिलंच नाही, असं समजा. मग मागे जाऊन पहिलं पान पुन्हा उघडा.