पावती, बॅटरी आणि खरं

दोघांतला एक तर खोटा असणारच, हा पारावरचा न्याय. एक म्हणतो, ‘मी ह्या डोळ्यांनी बघितलं.’ दुसरा म्हणतो, ‘मी तिथं नव्हतोच.’ मग लबाड कोण तेवढं हुडकायचं, की झाला निकाल.

आमच्या शिवारात तीसेक वर्षांमागं एक खून झाला. बांधाचा जुना वाद होता. रात्र अंधारी, उसाला पाणी चाललेलं. ओरडा ऐकून मयताचा थोरला भाऊ बॅटरी घेऊन धावला. एक माणूस पाठमोरा उसात शिरताना त्याला दिसला. त्यानं नाव घेतलं ते शेजारच्या बांधकऱ्याचं. बांधकरी म्हणाला, ‘मी त्या राती कारखान्यावर ऊस खाली करायला गेलतो.’ त्याच्यापाशी वजनकाट्याची पावती होती. पण पावतीवर गाडीचा नंबर अन् वेळ. गाडी हाकणारा कोण, हे पावती कुठं सांगते? गाडीतळावर त्याच्यासोबत होते ते मेहुणा आणि साडू. सेशन कोर्टानं जन्मठेप दिली.

मी तेव्हा तालुक्याला एका वकिलांकडं लिखाणकाम करायचो. अपिलाचे कागद माझ्या हातून गेले. 1872 च्या पुरावा कायद्यात कलम 11 खाली एक उदाहरण आहे. गुन्हा कलकत्त्याला झाला आणि आरोपी त्या दिवशी लाहोरला होता, तर ते लाहोरला असणं कोर्टानं विचारात घ्यायचं. कलम 103 म्हणतं, दुसरीकडं होतो असं ज्याचं म्हणणं, त्यानंच ते शाबीत करायचं. 1 जुलै 2024 पासून त्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम आला, तरी सूत्र तेच राहिलं.

कलकत्ता आणि लाहोर असेल तर अंतरच साक्ष देतं. कारखाना आणि उसाचा फड यांच्यात दहा मैल. ते कुणाच्याच बाजूनं बोलत नाहीत. ज्याच्याकडं हजेरीपट, दवाखान्याचा केसपेपर किंवा रेल्वेचं तिकीट असतं, त्याचं ‘नसणं’ शाबीत होतं. गडीमाणसाची रात्र कोण लिहून ठेवतो? ती ठाऊक असते घरच्यांना आणि सोयऱ्यांना, आणि त्यांची साक्ष आधीच हलकी धरली जाते.

वकिलांनी मला तेव्हा एक विलायती खटला सांगितला होता. पुढं मी तो मिळेल तिथून वाचला. ग्लासगो शहरात 21 डिसेंबर 1908 ला मॅरियन गिलख्रिस्ट नावाच्या म्हाताऱ्या बाईचा तिच्या घरात खून झाला. पकडला गेला ऑस्कर स्लेटर, जर्मनीहून आलेला ज्यू. संध्याकाळी तो घरी जेवत होता, असं त्याच्यासोबत राहणारी बाई आणि मोलकरीण दोघी सांगत होत्या. पण त्या त्याच्याच घरच्या. उलट, पळणाऱ्याला ओझरतं पाहिलेल्यांनी ‘हाच तो’ म्हटलं, आणि ओळख पटवण्याआधी साक्षीदारांना त्याचा फोटो दाखवलेला होता. 1909 साली पंधरा ज्युरींपैकी नऊ जणांनी दोषी म्हटलं. फाशी ऐन वेळी टळली, पण साडेअठरा वर्षं तुरुंगात गेली. आर्थर कॉनन डॉइल यांनी त्याच्यासाठी लेखणी झिजवली. 1928 साली अपिलात शिक्षा रद्द झाली, तीसुद्धा न्यायाधीशानं ज्युरीला चुकीचं समजावलं म्हणून. स्लेटर घरी जेवत होता, असं अपील कोर्टानं म्हटलंच नाही.

आमच्याकडच्या अपिलातही तसंच झालं. हायकोर्टानं पावती मानली नाही. आरोपी कारखान्यावर होता हे शाबीत झालेलं नाही, असं स्वच्छ लिहिलं. आणि तरी त्याला सोडलं. कारण बॅटरीचे सेल उतरलेले, माणूस पाठमोरा, दिसला तो क्षणभर. आरोपीचा बचाव पडला म्हणून सरकार पक्षाचं पडकं घर उभं राहत नाही.

गावाला हे पचलं नाही. काही म्हणाले, ‘पावती खोटी ठरली, मग सुटला कसा?’ काही म्हणाले, ‘म्हणजे भावानंच खोटं नाव घेतलं.’ तो भाऊ पारावर यायचा बंद झाला. एकदा त्यानं मला गाठून विचारलं, “कोर्टानं मला लबाड ठरवलं का रं?” मी म्हटलं, “नाही आण्णा, तसं कुठंच लिहिलं नाही.” त्यांना निकालपत्र वाचून दाखवलं. ‘खोटा’ हा शब्द त्यात नव्हता. ‘संशयाचा फायदा’ एवढंच होतं.

लबाड साक्षीदार उलटतपासणीत उघडा पडू शकतो. पण ज्यानं मनापासून खरं सांगितलं आणि ज्याच्या डोळ्यांनी त्याला फसवलं, त्याला कसं उघडं पाडायचं? तो अडखळत नाही, कारण त्याला लपवायचं काही नसतं. अंधारात डोळा अर्धंच बघतो, उरलेलं मन भरतं. आणि ज्याच्याशी बांधाचं वैर, त्याचंच नाव मनात आधी येतं. शपथ माणसाला खरं बोलायला लावते. डोळ्याला खरं दिसायला ती लावू शकत नाही.

म्हणून ‘पाहिलं’ आणि ‘नव्हतो’ एकाच तागडीत समोरासमोर घालायचे नसतात. पाहणाऱ्याला आधी विचारायचं, उजेड किती होता, अंतर किती, तोंड दिसलं की पाठ. तेवढ्यानं भरवसा बसला नाही, तर आरोपीची पावती खोटी निघाली तरी त्याला सोडायचं. यात खरा खुनी सुटत असेलही, आणि मयताच्या घरच्यांना ते जन्मभर सलतं. त्यांना ‘कायदाच तसा आहे’ म्हणून गप्प करू नये. पण सुटलेल्याला खुनी म्हणत राहणं आणि साक्षीदाराला लबाड म्हणत राहणं, हे दोन निकाल गावानं आपल्या मनानं लावलेले असतात. त्यांवर अपील नाही.