न घेतलेली पैठणी



लग्नसराई उलटली की आपल्या वस्त्यांतून एक हळहळ हमखास ऐकू येते. बस्ता बांधायला गेलो, एक पैठणी हातात घेतली, किंमत ऐकून खाली ठेवली. आता तिच्या पदरावरचा मोर काही डोळ्यांपुढून जात नाही. घेतली असती तर! जिंतूर असो, सेलू असो की गंगाखेड, ही हळहळ घरोघरची आहे. हसण्यावारी न नेता आपण ती धम्माच्या कसोटीला लावून पाहू.

चांगल्या वस्त्राची आवड हे अकुशल कर्म नाही, हे प्रथम ध्यानात घ्या. १९२८ च्या सुमारास इंदूर भागातील सवर्णांनी बलाई समाजावर नियम लादले. जरीकाठी पागोटे बांधू नये, रंगीत काठाचे धोतर नेसू नये, बायकांनी सोन्याचांदीचे दागिने घालू नयेत! बाबासाहेबांनी १९३६ साली ‘ॲनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये हा दाखला नोंदविला आहे. त्याआधी, डिसेंबर १९२७ मध्ये, महाडला जमलेल्या स्त्रियांना त्यांनी सांगितले होते की, जातीची खूण पटविणारी लुगड्याची धाटणी आणि चांदीचे जडशीळ दागिने टाका, स्वच्छ व नीटनेटक्या राहा. तेव्हा पैठणी आवडलेल्या मातेला ‘हे बौद्धाला शोभत नाही’ असे कोणी टोचू नये.

पैठण आपल्याच गोदावरीच्या काठी आहे. आज येवल्यातही पैठणीचे माग चालतात. पदराची नक्षी विणकर हाताने, धाग्याधाग्याने भरतो. एका साडीला कित्येक आठवडे लागतात, नक्षी भारी असेल तर महिने. अशा वस्त्रावर जीव जडला तर त्यात श्रमाची कदरही आहे.

मग दुःख कोठे आहे? तथागतांनी चित्ताला झाकणारी पाच नीवरणे सांगितली. त्यांतले चौथे उद्धच्च-कुक्कुच्च. कुक्कुच्च म्हणजे केल्याची आणि न केल्याची टोचणी. सामञ्ञफल सुत्तात पाचही नीवरणांना उपमा दिल्या आहेत. कामच्छंदाला कर्जाची, आणि या चौथ्याला गुलामगिरीची! गुलामगिरी म्हणजे काय, हे आपल्या माणसांना समजावून सांगावे लागत नाही. कर्ज नको म्हणून साडी खाली ठेवली, आणि मग त्याच साडीची गुलामी पत्करली, तर काय साधले? दुकानातून ती साडी केव्हाच गेली असेल. मनातून मात्र ती जात नाही.

अनाथपिंडिकाला तथागतांनी गृहस्थाची चार सुखे सांगितली: न्यायाने मिळविलेले धन असणे, त्याचा उपभोग घेणे व दान करणे, ऋणमुक्त असणे, आणि निर्दोष आचरण. उपभोगालाही त्यांनी सुख म्हटले आहे. म्हणून हळहळणाऱ्या उपासिकेने स्वतःला एकच प्रश्न विचारावा. मी ती का घेतली नाही?

मुलीची फी भरायची होती, सावकाराच्या दारात जायचे नव्हते, म्हणून घेतली नसेल, तर तुमच्या पदरात तिसरे सुख पडले आहे. पण गाठीला पैसा असूनही ‘लोक काय म्हणतील, आपल्यासारख्यांना शोभेल का’ या धाकाने हात मागे घेतला असेल, तर तो धाक जुन्या गावकुसाबाहेरचा आहे. तो आधी काढून टाका. महिन्याला थोडे थोडे बाजूला ठेवा, आणि रोख पैसे मोजून, ताठ मानेने घेऊन या.

आणखी एक विनंती. ही हळहळ मुलींपुढे बोलून दाखवू नका. आईच्या पैठणीचे पैसे आपल्या पुस्तकांत गेले, असे ओझे घेऊन शाळेत बसलेल्या मुलीचे चित्त अभ्यासात कसे लागेल? तुम्ही तिच्यासाठी जे केले, ते तिला आनंदाने केलेले दिसू द्या.

जयभीम!