नास्तिकांचे योम किप्पूर

१८८९ साली न्यूयॉर्कमधील यिद्दिशभाषी अराज्यवाद्यांनी योम किप्पूरच्या, म्हणजे ज्यूंच्या प्रायश्चित्ताच्या निर्जळी उपवासाच्या पर्वकाळी, नृत्य, व्याख्याने आणि खाणेपिणे यांचा जाहीर जलसा भरविला. आदल्याच वर्षी लंडनमधील त्यांच्या समविचारी मंडळींनी तसाच उपक्रम केला होता. धर्मनिष्ठांचा संताप झाला, आणि तो व्हावा हीच आयोजकांची इच्छा होती. परंतु ईश्वर नाही अशी ज्याची खरोखर खात्री आहे, त्याला कोणत्याही वारी निश्चिंतपणे जेवता येते. मग पंगतीसाठी त्याने नेमका तोच दिवस का मुक्रर करावा, हा प्रश्न मला त्यांच्या साऱ्या युक्तिवादांहून अधिक विचारणीय वाटतो.

त्याचे उत्तर, मला वाटते, त्या काळच्या यिद्दिश नियतकालिकांत सापडते. १८९० मध्ये निघालेल्या ‘आर्बेटर त्साइटुंग’ या समाजवादी साप्ताहिकात अब्राहम काहान हे ‘श्रमिकांचा प्रवचनकार’ असे नाव धारण करून लिहीत. सिनेगॉगमध्ये त्या सप्ताहात तोराचा, म्हणजे मोशेच्या पंचग्रंथाचा, जो भाग वाचला जाई, त्यापासून ते आरंभ करीत. सहा दिवस काम करून सातवा पवित्र मानावा ही मोशेची आज्ञा निरूपणास घेत, आणि बघता बघता झगे शिवणाऱ्या कारागिरांच्या संपावर येत. कीर्तनकाराने पूर्वरंगात अभंग लावून उत्तररंगात गिरणीकामगारांची कैफियत मांडावी, तशातलाच हा प्रकार. यात प्रचाराची हिकमत होती हे उघडच आहे; पण सूर्य मावळण्यापूर्वी मजुराला मजुरी द्यावी लागते ही जाणीव त्या वाचकांना मार्क्सच्या कितीतरी आधी तोराने दिलेली होती, आणि न्यायाधीशाला बडतर्फ केल्यावरही फिर्याद त्याच्याच कचेरीत दाखल करण्यावाचून लेखकाला गत्यंतर नव्हते.

धर्म सोडूनही न सुटलेली ही निष्ठा पुढे कम्युनिस्ट पक्षाकडे वळली. १९२२ मध्ये निघालेल्या ‘फ्रायहाइट’ या कम्युनिस्ट दैनिकात नामांकित यिद्दिश कवी लिहीत असत. १९२९ च्या ऑगस्टमध्ये पॅलेस्टाइनमधील हेब्रोनला ज्यूंची कत्तल झाली, तेव्हा या पत्राने प्रथम तिचा निषेध केला आणि पक्षाचा हुकूम येताच तिलाच साम्राज्यविरोधी उठाव ठरविले. झारच्या राजवटीत सैबेरियाची हद्दपारी भोगून आलेले लेइविक, तसेच अव्रोम रेझेन, या कवींनी पत्राशी संबंध तोडला. त्यांच्यावर द्रोहाचा शिक्का बसला. धर्मपीठाच्या बहिष्काराला हसणाऱ्यांच्या घरातच बहिष्काराचे शास्त्र असे पुन्हा रुजले होते. लेइविक आणि त्यांच्या काही सहकाऱ्यांनी ‘वोख’ नावाचे स्वतंत्र साप्ताहिक काढले. १९३० मध्ये तेही बंद पडले.